कानतुट्याचा पेंटर

पेंटरला नाव नव्हतं असं नाही. मतदारयादीत होतं, शाळेच्या दाखल्यावर होतं. पण तिठ्यावर उतरून कुणी त्या नावानं चौकशी केली असती, तर 'असं इथं कुणी राहत नाही' असं सांगून लोकांनी त्याला परतीच्या बसमध्ये बसवून दिलं असतं. त्याची थोरली बहीण तेवढी त्याला वेगळ्या नावानं हाक मारायची, आणि ते नाव होतं बारक्या. सहासष्टी उलटली, पुढचे दोन दात गेले, गुडघे बोलायला लागले, तरी ताईच्या लेखी तो बारक्याच.

तिठ्यावरचं प्रत्येक अक्षर त्याच्या हातचं. दवाखान्याची पाटी, सायकलच्या दुकानावरचं 'पंक्चर काढून मिळेल', शाळेच्या भिंतीवरचा पचनसंस्थेचा तक्ता. त्या तक्त्यात यकृत जरा जास्तच मोठं झालंय, पण आजवर एकाही विद्यार्थ्यानं त्याबद्दल तक्रार केलेली नाही. बसथांब्यामागच्या भिंतीवर त्यानं 'येथे थुंकू नये' असं लिहिलं होतं. अक्षर इतकं देखणं, की लोक वाचायला थांबायचे आणि थांबल्यावर थुंकायचे. हा किस्सा पेंटर स्वतःच सांगायचा आणि सगळ्यांत जास्त तोच हसायचा.

कामाची त्याची एक रीत होती. आधी चौकटींच्या कागदावर लहान चित्र काढायचं. मग नीळ लावलेलं सूत दोन खिळ्यांना ताणून भिंतीवर टणकन सोडायचं, की निळी सरळ रेघ उमटली. अशा उभ्या-आडव्या रेघा मारून भिंतीच्याही चौकटी करायच्या आणि मग एकेक चौकट कागदावरून भिंतीवर न्यायची. आणि हे सगळं पोत्यांच्या पडद्याआड. चित्र पुरं होईपर्यंत मालकालासुद्धा आत यायची परवानगी नाही. 'अर्धवट चित्र दाखवलं की माणसं त्यात नाक खुपसतात,' तो म्हणायचा. 'एक म्हणतो निळं करा, दुसरा म्हणतो मिशा काढा. शेवटी चित्र राहतं बाजूला.' हल्ली संगणकावर बटण दाबलं की दहा फुटी फ्लेक्स बाहेर पडतो, आणि त्यावर चार चुका असल्या तरी कुणाला काही वाटत नाही. सूत सुटल्याचा तो टणत्कार ज्यांनी ऐकलाय, त्यांना मात्र अजूनही एखादी कोरी भिंत दिसली की चुकल्यासारखं होतं.

आता त्या जनावराचं.

तिठ्यामागं डोंगर आहे आणि डोंगरावर दाट रान. त्या रानात काहीतरी आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काय आहे, हे मात्र ज्यानं त्यानं आपापलं ठरवलेलं. लाकूडतोड्यांच्या वस्तीत ते काळं आणि केसाळ होतं. दूधवाल्याच्या घरी ते पांढरं होतं आणि दोन पायांवर चालायचं. पोस्टमनच्या सासूनं त्याला पाहिलं नव्हतं, पण खोकताना ऐकलं होतं. एकाचं दुसऱ्याशी जुळायचं नाही, आणि जुळावं असं कुणाला वाटायचंही नाही. पाहुणे आले की घरातलं वडीलधारं माणूस आपलं जनावर बाहेर काढायचं, बाकीचे मान डोलवायचे, आणि कुणी कुणाला खोटं पाडायचं नाही. विचाराल तर तो काळ बरा होता.

पेंटरच्या घरातलं जनावर ताईचं होतं.

ताई तेव्हा नऊ वर्षांची. वडील रानात लाकूडकटाईवर, आई अंथरुणाला खिळलेली. दुपारचा डबा वडिलांना पोचवायचं काम ताईकडं. एक दिवस डबा देऊन परतताना पाण्याच्या डबक्यापाशी तिला ते दिसलं. वासराएवढं. ओल्या राखेच्या रंगाचं. मान लांब आणि खाली घातलेली. ना सुळे, ना नख्या. त्यानं ताईकडं पाहिलं आणि ते पळालं नाही. शेजारच्या झाडाच्या बुंध्यात तोंड खुपसून, पाठ करून उभं राहिलं. लहान मूल डोळे झाकून घेतं आणि आपण कुणाला दिसत नाही असं समजतं, तसं. त्याचं सगळं अंग थरथरत होतं. आपण त्याला असं बघत राहणं बरं नाही असं ताईला वाटलं, म्हणून तिनंही पाठ फिरवली आणि डोळे मिटून घेतले. किती वेळ दोघं तशी उभी होती, कोण जाणे. तिनं वळून पाहिलं तेव्हा तिथं कुणी नव्हतं.

ही गोष्ट बारक्यानं पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. शाळा अर्ध्या तासाच्या वाटेवर, आणि चालायचा त्याला भारी कंटाळा. घरापासून दहा पावलं गेलं की सुरू व्हायचं, 'ताई, ते सांग ना.' ताई सांगायची. रोज तीच गोष्ट, त्याच शब्दांत. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर बारक्या तिला अडवायचा. बरोबर ओढ्यावरच्या पुलापाशी ती पाठ फिरवायच्या जागेवर यायची, आणि मग दोघं पुलावर एकमेकांकडं पाठ करून, डोळे मिटून वीस आकडे मोजायची. बारक्या दर वेळी बारा-तेरालाच डोळे उघडून मागं बघायचा. ताई मात्र विसापर्यंत तशीच उभी असायची, दप्तराचा पट्टा घट्ट धरून. म्हातारपणी पेंटरला शाळेतलं फारसं काही आठवायचं नाही, पण ती पाठमोरी ताई जशीच्या तशी दिसायची.

आई गेली आणि ताईची शाळा सुटली. ती शिवणयंत्रावर बसली ती बसलीच. झबली, गणवेश, उशांचे अभ्रे. त्या यंत्राच्या खडखडाटात बारक्या शिकला, मोठा झाला आणि अभ्यासाच्या वह्यांवर चित्रं काढून मार खाऊ लागला. 'त्याचं डोकं त्यातच चालतं तर चालू द्या,' असं वडिलांना सांगून पहिला ब्रश ताईनंच आणून दिला. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलं तर 'वेळच झाला नाही' म्हणायची, बस चुकल्यासारखं.

पेंटर चोवीस वर्षांचा असताना तिठ्यावरच्या हॉटेलवाल्याला एक कल्पना सुचली. हॉटेलवाला कल्पनांचा माणूस, त्यामुळे लोक त्याच्यापासून जरा जपूनच असायचे.

'बस इथं दोन मिनिटं थांबते,' तो पेंटरला म्हणाला. 'दोन मिनिटांत माणूस चहा मागवतो, पीत नाही. समोरच्या गोदामाची भिंत बघ. तिच्यावर ते काढ.'

'काय काढू?'

'रानातलं. आणि असं काढ, की लोक खिडकीतून न बघता खाली उतरून बघायला आले पाहिजेत.'

पेंटर खुश होऊन घरी गेला आणि चौकटींच्या कागदावर त्यानं एका बैठकीत चित्र काढलं. कुणाला विचारायचं कारणच नव्हतं, सगळं तोंडपाठ होतं. झाडाचा बुंधा, त्यात तोंड लपवून उभं असलेलं राखाडी जनावर. हॉटेलवाल्यानं कागद उलटसुलट करून पाहिला.

'हे काय? हे तर रुसून बसलंय.'

'लाजाळू आहे ते, शेठ.'

'लाजाळू जनावर बघायला बस थांबेल का? अरे, बायकापोरं किंचाळली पाहिजेत. ज्यांनी पाहिलंय त्या चार लोकांना विचार आणि नीट काढ.'

पेंटरनं कागद खिशात घातला, आणि पुढं धुण्यात त्याचा लगदा झाला.

मग आठ दिवस तो हॉटेलात बसून साक्षी घेत होता. कागदावर यादी केली आणि एकेक अवयव एकेकाच्या नावावर टाकला. डोळे ट्रकवाल्याचे, पिवळे आणि ताटलीएवढे. पाठीचे केस लाकूडतोड्यांचे. जबडा दूधवाल्याचा. हेडमास्तरांनी काहीच पाहिलं नव्हतं, पण एवढ्या वजनाच्या प्राण्याला तोल सांभाळायला शेपूट लागणारच असं त्यांनी शास्त्राला धरून सांगितलं, म्हणून शेपूट त्यांच्या नावावर. पुढच्या पंजांचं कुणालाच काही आठवेना. ते हॉटेलातल्या मांजराचे पाहून काढले.

आणि इथं पेंटरची चूक झाली. त्यानं भिंतीचं माप घेतलं तेव्हा गोदामाच्या छपरावरून खाली येणारा पावसाच्या पाण्याचा लोखंडी पाइप दुरुस्तीसाठी काढून नेला होता. कोऱ्या भिंतीच्या हिशेबानं त्यानं चौकटी पाडल्या आणि शेपटाकडून रंगवायला घेतलं. डोक्यापर्यंत पोचला, डोळे काढून झाले, आणि एका सकाळी येऊन बघतो तर पाइप पुन्हा जागेवर. बरोबर उजव्या कानाच्या चौकटीतून खाली गेलेला.

'पाइपाला रंग लागता कामा नये,' रखवालदारानं बजावलं. 'लिहून द्यावं लागतं मला.'

एखाद्या मुरलेल्या पेंटरनं डोकं पुसून वीतभर अलीकडं घेतलं असतं. पण चोविसाव्या वर्षी आपण काढलेलं कोण पुसतो? त्यानं कानाच्या जागी थोडी फाटकी कड काढली, लाल रंगाचे दोन ठिपके दिले आणि मारामारीत तुटलाय असं ठरवून टाकलं.

पडदा उतरला त्या दिवशी बस वीस मिनिटं थांबली. बायकापोरं खरोखरच किंचाळली. हॉटेलवाल्यानं दुसऱ्यांदा आधण ठेवलं. पेंटरच्या पाठीवर थापा पडत होत्या, आणि तो इतका फुगला होता की शर्टाची बटणं कशी टिकली कोण जाणे. तेवढ्यात सायकलवाला म्हणाला, 'पण पेंटर, तुझी ताई तर वेगळंच सांगते. वासराएवढं असतं आणि तोंड लपवतं म्हणे?'

सगळे पेंटरकडं बघायला लागले. आणि पेंटर हसून म्हणाला, 'लहान होती हो ती तेव्हा. कुणाचं तरी चुकलेलं वासरू पाहिलं असेल.'

हशा पिकला. त्या हशात पेंटरचंही हसणं होतं. मग त्याला गर्दीच्या कडेला ताई दिसली. त्याचा जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिनं डबा हॉटेलच्या बाकावर ठेवला, 'गरम आहे तोवर खाऊन घे,' म्हणाली आणि निघून गेली.

त्या दिवसापासून तिठ्यावर ताईला वासरूवाली हे नाव पडलं. वाईट हेतूनं नाही. लोक नावं ठेवतात ती बहुतेक वेळा काही हेतू नसतानाच. शिवलेले कपडे पोचवायला गेली की कुणीतरी विचारायचं, 'काय ताई, सापडलं का वासरू?' ती हसून पुढं जायची. पण ती गोष्ट तिनं पुन्हा कधी कुणाला सांगितली नाही. पेंटरलाही नाही.

तीन आठवड्यांनी ट्रकवाला घाम पुसत हॉटेलात शिरला. त्यानं पुन्हा पाहिलं होतं, वळणावर, अगदी दहा हातांवर. 'आणि पेंटर, उजवा कान नाही. तू काढलायस तस्साच तुटलेला.' महिनाभरात लाकूडतोड्यांना दिसलं, दूधवाल्याला दिसलं. सगळ्यांचा उजवा कान गायब. पोस्टमनच्या सासूचं खोकणारंसुद्धा एका कानाचं झालं. जनावराला पहिल्यांदाच सगळ्यांचं मिळून एक नाव मिळालं, कानतुट्या.

पेंटरची हसून हसून मुरकुंडी वळली. पाइपाचं गुपित त्याच्या एकट्याकडं होतं, आणि ते सांगायला तो धावत घरी आला. ताई टाचण्या तोंडात धरून बाहीची शिवण जुळवत होती. त्यानं माप, पाइप, रखवालदार, ट्रकवाला असं सगळं साग्रसंगीत सांगितलं. ताईनं शांतपणे ऐकून घेतलं, टाचण्या एकेक करून कापडाला लावल्या आणि म्हणाली, 'बरं झालं. म्हणजे तुझं खरं ठरलं.'



त्यानंतर बेचाळीस वर्षं गेली. दोघांत भांडण नव्हतं, अबोला नव्हता. पेंटर चार घरं सोडून राहायचा, बायकोमुलांसह ताईकडं जेवायला जायचा. बायको गेल्यावर आणि मुलं लांब कामाला गेल्यावर तर दोन्ही वेळेला तिच्याकडंच. माफी मागायची हे त्याच्या मनात कितीदा तरी यायचं. पण रोज भेटणाऱ्या माणसाची माफी मागणं फार अवघड. मध्ये नेहमी काहीतरी येतं. भाजीत मीठ कमी झालेलं असतं, वीज गेलेली असते, शर्टाचं बटण तुटलेलं असतं. आणि एकदा बटण लावून झालं की माणूस उठून घरी जातो.

मग फ्लेक्स आले आणि पेंटरच्या ब्रशांचे केस डब्यातल्या डब्यात वाळून गेले. कानतुट्या मात्र जोरात होता. लांबून गाड्या करून लोक यायचे, भिंतीपुढं उभं राहून फोटो काढायचे. हॉटेलवाल्याच्या मागं त्याचा मुलगा हॉटेल बघू लागला होता, आणि गावच्या कमिटीचा चेअरमनही तोच होता. त्यानं एका कानाच्या किल्लीसाखळ्या करून घेतल्या होत्या. अशात एका वर्षी गोदामाच्या भिंतीचा गिलावा फुगून खाली आला, आणि त्याच्याबरोबर कानतुट्याचं अर्धं तोंडही. कमिटीनं भिंत नव्यानं करून घेतली आणि चेअरमन पेंटरच्या दारात आला.

'काका, फ्लेक्स लावून मोकळे झालो असतो. पण लोकांना हातचं लागतं हो आता. हुबेहूब तेच पाहिजे. हा फोटो घ्या.'

पेंटरनं फोनमधला फोटो डोळ्यांपासून लांब धरून पाहिला. 'पाइप आता मागच्या बाजूला गेलाय. उजवा कानही रंगवू या का या खेपेला?'

'कान नको, काका. कान आला तर ओळखणार कोण त्याला?'

दुसऱ्या दिवशी पेंटर नुसता भिंतीपुढं जाऊन उभा राहिला. बेचाळीस वर्षांत ती त्याला कोरी दिसली नव्हती. पांढरी, सपाट, ओल्या चुन्याचा वास असलेली. त्याचा हात सकाळी दहापर्यंत थरथरायचा आणि नंतर जरा ऐकायचा. ही शेवटची भिंत, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. आपण गेल्यावर इथं काय उरणार, एवढंच अजून आपल्या हातात आहे, असं त्याच्या मनात आलं. तो तसाच ताईकडं गेला.

ताईची खोली होती तशीच होती. खिडकीखाली यंत्र, त्याच्यावर पांढरा कपडा, फळीवर बटणांचे डबे, भिंतीला टेकवलेला कापायचा पाट. सत्तरीत ती यंत्र फारसं चालवत नसे, पण बसायची त्याच स्टुलावर. पेंटर उंबऱ्यावर टेकला.

'ताई, ते सांग ना.'

तिनं मान वर करून पाहिलं. काय ते तिला विचारावं लागलं नाही. 'आता कशाला?'

'भिंतीवर काढायचंय. तुझं.'

तिनं फळीवरचा बटणांचा डबा उचलून परत ठेवला. मग म्हणाली, 'मला नाही रे आठवत.'

'असं कसं? रोज सांगायचीस.'

'आठवून पाहिलं मी. खूपदा. पण डोळे मिटले की तुझंच येतं, बारक्या. पिवळ्या डोळ्यांचं, एका कानाचं. माझं कधी गेलं ते मला कळलंसुद्धा नाही.' तिनं यंत्रावरचा कपडा सारखा केला. 'आता तर मलाही वाटतं, वासरूच असेल.'

आपण तिची थट्टा केली एवढंच पेंटरला आजवर डाचत होतं. आपल्या चित्रानं तिच्या डोळ्यांपुढचं तिचं जनावरच पुसून टाकलं असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्या दिवशी तो जेवला नाही. पोट बिघडल्याचं कारण सांगून उठला. ताईला ते पटलं नाही.

सकाळी त्यानं भिंतीपुढं पोत्यांचा पडदा लावला आणि आत एक खुर्ची ठेवली. मग ताईला आणायला गेला. 'एकट्यानं शिडीवर चढायची भीती वाटते. तू नुसती बसून राहा,' म्हणाला. ती आली. आपल्या पडद्याआड त्यानं आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माणसाला घेतलं होतं.

त्यानं चौकटी पाडल्या नाहीत. खडू घेतला आणि भिंतीकडं तोंड करून बोलायला लागला. 'वडिलांना डबा देऊन तू परत येत होतीस. ऊन होतं. आदल्या दिवसाचा रिकामा डबा हातात वाजत होता. पाण्याच्या डबक्यापाशी ते उभं होतं. वासराएवढं. ओल्या राखेच्या रंगाचं.' शब्द तेच, क्रम तोच. शाळेच्या वाटेवर हजार वेळा ऐकलेला. आपल्याकडं ठेवायला दिलेली वस्तू परत करावी तसा तो एकेक शब्द मांडत होता. ताई मांडीवर हात ठेवून ऐकत होती. 'असेल,' ती मध्येच म्हणाली. 'असेल बाबा.'

बुंधा काढून झाला. मानेची रेघ काढताना पेंटरचा हात थरथरला आणि रेघ भलतीकडं गेली.

'मान एवढी जाड नव्हती,' ताई म्हणाली.

खडू जागच्या जागी थांबला. पेंटरनं वळून पाहिलं. ताईसुद्धा दचकली होती, दुसरंच कुणी बोलल्यासारखी.

मग पेंटरनं मान पुसून बारीक केली आणि पाय मुद्दाम आखूड काढले. 'पाय लांब होते रे,' ताई म्हणाली. 'गुडघ्यांशी गाठी होत्या.' त्यानं पोट सुटलेलं काढलं. 'छे, खपाटीला गेलेलं होतं.' चुका करण्यात त्या दिवशी पेंटरचा हात कुणी धरला नसता. तीस-पस्तीस चुका त्यानं केल्या असतील, आणि एकेक चूक दुरुस्त करता करता ताई खुर्चीच्या कडेवर सरकली, मग उभी राहिली, मग खडू त्याच्या हातातून घेऊन पाठीची रेघ तिनं स्वतः काढली. कापडावर खडूनं रेघ मारण्यात साठ वर्षं मुरलेला तिचा हात. एका दमात काढली.

चार दिवस ती दोघं पडद्याआड होती. बाहेरून लोक ऐकायचे ते एवढंच, की आत दोन म्हातारी माणसं वाद घालतायत. राखेचा रंग काही केल्या जमेना, तेव्हा ताईनं खरीच राख आणून पाण्यात कालवून दाखवली. तिसऱ्या दिवशी पेंटर पाठीला शेवटचा हात देत असताना ती म्हणाली, 'पाठीला काटेबोंडं चिकटलेली होती. सहा-सात. मला वाटलं होतं, काढून द्यावीत. हिंमत नाही झाली.'

'हे तू कधी सांगितलं नव्हतंस.'

'आता दिसलं,' ती म्हणाली.

पेंटर शिडीची पायरी धरून खालीच बसला. 'ताई, त्या दिवशी सगळ्यांपुढं मी जे बोललो...'

'आधी बोंडं काढ,' ताई म्हणाली. 'वाळेल तो रंग.'

त्यानं बोंडं काढली. सात.

पाचव्या दिवशी सकाळची बस आली तेव्हा पडदा उतरला. चेअरमन आला होता, हॉटेलातली माणसं आली होती, बसमधले लोक खाली उतरून उभे होते. कुणी किंचाळलं नाही. एवढ्या मोठ्या भिंतीवर झाडाचा एक जुना बुंधा होता, पाण्याचं डबकं होतं, आणि बुंध्यात तोंड लपवून पाठमोरं उभं असलेलं एक हडकुळं, राखाडी, भेदरलेलं जनावर. बाकी सगळं ऊन.

'काका,' चेअरमननं घसा साफ केला, 'अहो, आपलं काय ठरलं होतं? कानतुट्या कुठंय?'

'कानतुट्या कधी नव्हताच.'

'म्हणजे? एवढ्या लोकांनी पाहिलाय. तुम्ही हे जे काढलंय, हे कुणी पाहिलंय?'

पेंटर ब्रश पुसत होता. तो थांबला. बसच्या मागच्या दारापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो म्हणाला, 'माझ्या ताईनं पाहिलंय. आधीचं होतं ते मी हॉटेलात बसून जुळवलं होतं, आणि कान काढला नाही कारण मध्ये पाइप आला. हिनं पाहिलं ते खरं. मला तेव्हाही ठाऊक होतं आणि मी सगळ्यांपुढं तिला खोटं पाडलं.'

मागून कुणीतरी हळूच 'वासरूवाली' म्हणालं, आणि शेजारच्यानं त्याला गप्प केलं. लोकांची नजर ताईकडं वळली. ती भिंतीपाशी खुर्चीवर बसली होती. तिनं खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकले, तेव्हा पेंटरला वाटलं, आता ही उठून घरी जाणार.

चेअरमननं आवाज खाली आणला. 'मावशी, खरंच पाहिलंय तुम्ही?'

ताईनं खुर्ची जराशी वळवून घेतली, लोकांकडं तोंड येईल अशी.

'नऊ वर्षांची होते मी,' ती म्हणाली. 'बसा, सांगते.'